गौरीच्या हातावरचा डाग

रविवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना आप्पा शेडमधलं मोठं मशीन बंद करायचे आणि आमचं घर एकदम हलकं व्हायचं. घर म्हणजे बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्या, आणि गच्चीवर भाड्यानं दिलेली एक. शेडमध्ये दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीपाशी ग्राइंडर. त्यांची घरघर आठवडाभर आमच्या ताटांत, पाण्याच्या कळशीत, देव्हाऱ्यातल्या घंटेत भरलेली असायची. मशीन थांबलं की आधी आईच्या कढईतलं तेल ऐकू यायचं, मग शेजारच्या कारखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं, आणि मग टीव्हीवरचं ते वीणेसारखं, मधेच उलटं वाजवल्यासारखं संगीत. ‘निन्नेय बागिलु’ ही मालिका सुरू झालेली असायची. निन्नेय बागिलु म्हणजे कालचं दार.

आम्ही निपाणीकडचे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, आणि आप्पांच्या गिऱ्हाइकांशी जे जमेल ते. ती मालिका कन्नडमध्ये होती. गौरी नावाची एक बस कंडक्टर असते. देवनहळ्ळीच्या किल्ल्याच्या तटात तिला एक बुटकं दार सापडतं, आणि त्यातून वाकून गेलं की ती तीन वर्षं मागे पोचते. त्या काळात अर्धं बेंगळुरू रविवारी दुपारी देवनहळ्ळीला जाऊन त्या दारातून वाकून जात होतं आणि पलीकडे गेल्यावर मनगटावरचं घड्याळ बघत होतं. मीही जाऊन आले. पलीकडे शेंगा विकणारी एक बाई बसली होती. तिचा भाव मात्र आजचाच होता, आणि तोही चढा.

गौरीच्या धाकट्या भावाला स्कूटरचा अपघात झालेला असतो, त्यात त्याचा पाय जातो. स्कूटर त्याच्या अंगावरून उचलताना तापलेल्या सायलेन्सरनं गौरीचा हात भाजतो. कोपराच्या खाली तळहाताएवढा डाग. आता ती दारातून मागे जाते, अपघाताच्या सकाळी स्कूटरची किल्ली लपवते आणि परत येते. भाऊ दोन्ही पायांवर धावत तिला घ्यायला येतो. आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि त्याच क्षणी कॅमेरा गौरीच्या हातावर जातो. डाग तसाच.

“काकू,” निनाद पाटावरून अर्धवट उठत म्हणाला, “अॅक्च्युअली, इथे मेजर लॉजिकल प्रॉब्लेम आहे.”

निनाद म्हणजे गच्चीवरचा भाडेकरू. पुण्याचा, चोवीस-पंचवीसचा, हेब्बाळला एका टेक पार्कमध्ये कॉम्प्युटरचं काम करायचा. त्याच्या खोलीत टीव्ही नव्हता आणि त्याला कन्नड येत नव्हतं, म्हणून दर रविवारी तो खाली यायचा आणि मी त्याला शेजारी बसून वाक्य न् वाक्य मराठीत सांगायची. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, डिप्लोमा करत होते, आणि दुपारनंतर शेडमध्ये आप्पांच्या टेबलाशी बसून गिऱ्हाइकांशी भाव ठरवायची. आप्पांना नाही म्हणता येत नसे. मला दुसरं काही म्हणता येत नसे.

“अपघात झालाच नाही ना आता?” निनाद म्हणाला. “मग हात कशानं भाजला?”

“अरे, पोरगी घरी आली, जेवायला बसली. तुला डागाचं काय पडलंय?” आई म्हणाली आणि त्याच्या बशीत आणखी सुसला वाढला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, फुटाण्याची पूड आणि हिरवी मिरची घातलेला सुसला. सोबत मिरची भजी. मालिकेचं तर्कशास्त्र आमच्याकडे नेहमी तोंड भाजलेल्या अवस्थेतच चाले.

ह्या डागावरून अख्खं गाव पेटलं. इंटरनेटवर चाहत्यांचा एक अड्डा होता, निनाद मला त्यातलं वाचून दाखवायचा. एक गट म्हणे, काळ ही एकच रेघ, तेव्हा डाग ही दिग्दर्शकाची चूक. दुसरा गट फाट्यांचा. गौरीनं किल्ली लपवली तिथे काळाला फाटा फुटला, आणि जुन्या फाट्यावरची गौरी डागासकट नव्या फाट्यावर आली. निनाद फाट्यांचा. मी विचारलं, “मग नव्या फाट्यावरची मूळ गौरी कुठाय? तिथं दोन गौरी पाहिजेत. ताट तर तिच्या आईनं एकच वाढलं.” त्यावर तो अर्धा तास इंग्रजीत बोलला. मी ओळखलं, उत्तर नाही. उत्तर नसलेलं गिऱ्हाईक असंच बोलतं.

उत्तर मला शेडमध्ये मिळालं. आम्ही एका कंपनीसाठी पंपाचे शाफ्ट, म्हणजे आतले लोखंडी दांडे, काढत होतो. निम्मे झाले असताना कंपनीनं ड्रॉइंग बदललं, एका टोकाचा व्यास थोडा कमी केला. आप्पांनी जुन्या ड्रॉइंगवर लाल पेन्सिलीनं फुली मारली, नवं भिंतीला लावलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. काढून झालेले शाफ्ट टोपल्यात पडलेले. ड्रॉइंग रद्द झालं म्हणून ते काही हवेत विरले नाहीत. मशीनवर जो चढलेला होता तो नव्या मापाचा झाला, जो उतरला होता तो जुन्या मापाचा राहिला. मी त्या टोपल्याकडे बघत उभीच राहिले. गौरी दारातून गेली म्हणजे मशीनवरून उतरली. भाऊ मशीनवरच होता. ड्रॉइंग बदललं तेव्हा तो नव्या मापाचा झाला, ती जुन्याच मापाची राहिली.

“आणि ह्या जुन्यांचं काय करायचं आप्पा?”

“ते कंपनी लिहून देते की. भंगारात घाला, नाहीतर परत घासा, नाहीतर हे.” त्यांनी नव्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली ओळ दाखवली. जुना माल आधी वापरा. म्हणजे जुन्यानं काम भागतंय तोवर त्या जागेसाठी नवा काढायचाच नाही.

मी तिथेच टाळी वाजवली. दुसरी गौरी कुठाय? काढलीच नाही! जुनी शिल्लक होती. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ग्राइंडरची ठिणगी माझ्या डोक्यात गेली.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढताना मी हे निनादला सांगितलं. टोपलं, फुली, मशीनवरचा आणि उतरलेला. तो कठड्यावरून उडी मारून उभा राहिला. “सुमन, हे ब्रिलियंट आहे!” मी फुगले. पण कोपऱ्यातली ओळ त्याला सांगितली नाही. शेवटचा आकडा समोरच्याला कधीच सांगायचा नसतो, हे मी कुठल्या कॉलेजात शिकले नव्हते.

त्याच आठवड्यात बातमी आली. चाहत्यांच्या मंडळानं हेब्बाळच्या तळ्याजवळ एका सभागृहात वादसभा ठेवली होती. मालिका लिहिणाऱ्या बाई स्वतः येणार होत्या, पण तासभरच, आणि एकच प्रश्न घेणार होत्या. वाद जो जिंकेल त्याचा प्रश्न. माझ्याकडे प्रश्न कित्येक आठवडे तयार होता. तो डागाचा नव्हता. मला विचारायचं होतं: आपला पाय कुणामुळे वाचला, हे त्या भावाला कधी कळतं का? रोज तो गौरीला चिडवतो, तिच्या ताटातलं उचलून खातो, तिला आळशी म्हणतो. त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही. मला त्यानं झोप येत नव्हती. असा प्रश्न विचारायला मिळावा म्हणून मी काहीही केलं असतं.

सभेला मी आणि आई बसनं गेलो. आईच्या पिशवीत डबा. सभागृहात शंभरेक माणसं, कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी, आणि एका कोपऱ्यात आमची मराठी. मंडळाचे प्रमुख मूर्ती सर. निवृत्त शिक्षक, कपाळाला गंध, हातात शाळेतली पितळी घंटा. त्यांच्या मंडळाचा एक नियम होता, तो मी तेव्हापासून आजपर्यंत दुसरीकडे कुठे पाहिला नाही. समोरच्याचं खोडून काढण्याआधी त्याचं म्हणणं आपण आपल्या तोंडानं मांडायचं, आणि तो जोवर “सरी”, म्हणजे बरोबर, असं म्हणत नाही तोवर एक शब्दही विरोधात काढायचा नाही. आणि एकदा मांडलेला मुद्दा दुसऱ्यानं आपला म्हणून मांडायचा नाही.

चिठ्ठ्या काढल्या. पहिली निनादची. मी निवांत होते, हा फाट्यांचं बोलणार. तो उठला, माइक हातात घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, “कल्पना करा, एक लेथ आहे.”

माझ्या कानात गरम पाणी ओतल्यासारखं झालं. टोपलं, फुली, मशीनवरचा आणि उतरलेला, सगळं. ह्या माणसानं जन्मात लेथला हात लावला नव्हता. जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडणाऱ्या ‘चक’ला तो ‘ते गोल फिरणारं’ म्हणाला! आणि लोक माना डोलावत होते, पुढच्या रांगेत बसलेल्या लेखिकाबाई वहीत लिहून घेत होत्या. साधी सुती साडी, जाड चष्मा, तोंडात वेलची.

“अगं,” आई मला कोपर मारत म्हणाली, “हे तर आपल्या शेडमधलं बोलतोय की!”

मी उठले. “सर, हे माझं आहे!”

मूर्ती सरांनी घंटा वाजवली. “बस अम्मा, स्वल्प थांब. सिद्धान्त म्हणजे काय छत्री आहे? नाव कुठे लिहिलंय त्याच्यावर?”

सभागृह हसलं. निनाद घाईघाईनं माझ्याकडे आला. “सुमन, मी शेवटी तुझं नाव घेणारच होतो.”

“मग घ्यायचं की.”

“वेळ संपली ना!”

तोवर मी त्याला ‘अहो निनाद’ म्हणायची. त्या क्षणापासून आजपर्यंत अरेतुरे. “बस तू,” मी म्हणाले. “आता बघ.”

माझी चिठ्ठी पाचवी. माझा मुद्दा तर गेला होता, दुसऱ्यांदा मांडता येणार नव्हता. घरी जाणं किंवा माझ्याच मुद्द्याविरुद्ध उभं राहणं, एवढंच उरलं होतं. घरी मी कधी रिकाम्या हातानं गेलेली नाही.

पण नियम! आधी त्याचं म्हणणं माझ्या तोंडानं. मग मी कन्नडमध्ये सुरू केलं, आणि निनादला कळावं म्हणून लगोलग मराठीत. चक म्हणजे काय, जॉब कसा धरतात, पातं कसं लागतं, ड्रॉइंग बदललं की कारागीर काय करतो. त्याच्या तोंडून अर्धवट निघालेलं माझ्या तोंडून पुरं झालं. मागच्या रांगेतले, लेथवर काम करणारे दोन टर्नर उठून उभे राहिले. निनाद तर वहीत टिपणं घेत होता, स्वतःच्याच सिद्धान्ताची!

“सरी?” मी दात आवळून विचारलं.

“सरी, सरी!” तो म्हणाला. “एकदम सरी.” टाळ्या त्याला पडल्या.

मग मी फिरले. “हे सगळं खोटं आहे,” मी म्हणाले. “नवं ड्रॉइंग लावल्यावर मशीन थांबत नाही. नव्या मापाची गौरी निघणारच. बिनडागाची. मग जुनी इथे आणि नवी घरात. ताटं किती वाढली आईनं? एक. गादी एक, चप्पल एक. सांग निनाद, दुसरी कुठाय?”

निनाद वही उलटसुलट चाळायला लागला. अर्थात! कोपऱ्यातली ओळ त्याला ठाऊकच नव्हती. फाटेवाल्यांनी मला उचलायचंच बाकी ठेवलं. आई उठून उभी राहून टाळ्या वाजवत होती, मी नेमकी कुठल्या बाजूची आहे हे तिला कळलेलं नसताना. मूर्ती सरांनी घंटा वाजवून मला विजयी घोषित केलं. प्रश्न माझा. तो जिभेवरच होता.

इतक्यात लेखिकाबाईंनी हात वर केला. “एक मिनिट. मी सांगते,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “माझ्या मनात त्या मुलानं सांगितलं तसंच काहीसं होतं. पण ही दुसरी गौरी मला तीन महिने झोपू देत नाहीये. शेवटचा भाग तिच्यापायी अडलाय. आज ह्या मुलीनं सिद्धच केलं की ते जमत नाही. सोडून देते मी ते.”

सोडून देते! त्या क्षणाचा विचार केला की अजून मला खुर्चीत बसवत नाही. गप्प राहिले तर प्रश्न माझा, आणि माझा सिद्धान्त माझ्याच हातानं कायमचा भंगारात. बोलले तर सिद्धान्त वाचतो, पण जिंकणार निनाद. कुठलाही शहाणा सौदेबाज गप्प बसला असता. आज माझ्या स्वतःच्या शेडमध्ये, संगणकावर चालणाऱ्या मशीनांच्या मध्ये बसून, मी भल्याभल्या खरेदी अधिकाऱ्यांसमोर दहा-दहा मिनिटं गप्प बसते. तेव्हा मला ते जमायचं नाही. माझा राग माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे चालायचा.

“सोडताय काय!” मी ओरडले. “दुसरी गौरी काढलीच नाही! ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, जुना माल आधी वापरा! एक गौरी शिल्लक असताना दुसरी कशाला काढेल कुणी? तुम्हाला काय काळ म्हणजे उधळ्या वाटला?”

मग मागच्या टर्नरपैकी एकानं “होय की!” अशी आरोळी ठोकली आणि सभागृह फुटलं. माणसं खुर्च्यांवर चढली. फाटेवाले मला गद्दार म्हणाले. एक जाड गृहस्थ हसता हसता खुर्चीसकट मागे पडला. लेखिकाबाई वहीत भराभर लिहीत होत्या आणि मान हलवत होत्या, गाल लाल झालेले.

मूर्ती सरांनी घंटा वाजवून वाजवून सगळ्यांना खाली बसवलं. “नियमाप्रमाणे,” ते म्हणाले, आणि मला पुढचं कळलंच, “शेवटी सिद्ध झालं ते निनाद यांचं म्हणणं. सिद्ध कुणी केलं ह्याला महत्त्व नाही. प्रश्न निनाद यांचा.”

निनाद उठला. घामाघूम. माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं सांगितलं: भाऊ, भावाचं विचार. त्याला ते कळलं नाही, किंवा शंभर माणसांपुढे त्याची पाटी कोरी झाली. तो म्हणाला, “मॅडम, ही सीरियल इंग्लिश सबटायटल्ससोबत कुठे मिळेल?”

एवढा प्रश्न! मी ज्यासाठी घसा फोडला, जो जिंकून हातचा घालवला, त्याची ही किंमत! आणि दर रविवारी त्याच्या कानाशी बसून वाक्य न् वाक्य सांगणारी मी काय होते मग? लेखिकाबाई म्हणाल्या, “मला नाही माहीत.” झालं. सभा संपली. त्या सिद्धान्ताला चाहते आजही निनादचा सिद्धान्त म्हणतात. मध्यंतरी मी त्यांच्या पानावर लिहिलं की तो माझा आहे. कुणीतरी उत्तर दिलं, “तुम्हीच ना त्या, ज्यांनी तो खोटा आहे म्हणून भर सभेत सांगितलं होतं?”

बाहेर आले तेव्हा लेखिकाबाई रस्त्याच्या कडेला एका रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होत्या. हुज्जत कसली, विनवणी. तो दुपटीवर अडला होता, आणि ह्या पर्स उघडत होत्या.

“पर्स मिटा,” मी म्हणाले, आणि रिक्षावाल्याकडे वळले. “काय अण्णा, रविवारी रस्ता मोकळा आणि दुप्पट? मीटर काय रंगवून बसवलाय?” तो काही बोलला, मी त्याहून जास्त बोलले. मागे निनाद आणि आई उभे होते. निनादनं मधे काहीतरी समजूतदार बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा मी आणि रिक्षावाल्यानं मिळून त्याला गप्प केलं. शेवटी मीटर पडला.

बाई आत बसल्या. “तुझे उपकार झाले,” त्या म्हणाल्या.

“उपकार नकोत. एक प्रश्न,” मी म्हणाले, आणि रिक्षाचा दांडा धरून ठेवला.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं. भावाला कधी कळतं का?

“नाही,” त्या म्हणाल्या. “कधीच नाही.”

“मग तिला राग येत नाही?”

त्या मोठ्यानं हसल्या. “अगं, हे मला सुचलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “येत असणार. प्रचंड येत असणार!” रिक्षा हलली, आणि काही अंतर गेल्यावर मी पाहिलं तर त्यांनी मांडीवर वही उघडली होती.

शेवटचा भाग लागला त्या रविवारी आप्पांनी मशीन दहा मिनिटं आधीच थांबवलं. निनाद आला होता. येणारच, खोलीत टीव्ही नव्हता, आणि आई त्याला बोलावल्याशिवाय राहायची नाही. दुसरी गौरी का नाही, त्याचं उत्तर एका जुन्या घड्याळजीच्या तोंडी आलं, तेव्हा आप्पा माझ्याकडे बघून नुसते हसले. मग शेवटचा प्रसंग. गौरी जेवायला बसलीय. भाऊ येतो, तिच्या ताटातला शेवटचा वडा उचलतो आणि खाऊन टाकतो. आणि गौरी, इतके महिने शांत असलेली गौरी, ताट बाजूला सारून उठते आणि त्या एका वड्यावरून अशी भांडते, अशी भांडते, की शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहतात. भाऊ म्हणतो, “अगं अक्का, वडाच होता ना!” ती त्याच्या दोन धडधाकट पायांकडे बघते, आणखी चिडते, आणि चिडता चिडता हसायला लागते. तिथेच मालिका संपली.

“हे काय?” निनाद म्हणाला. “वड्यावरून? ह्याचं लॉजिक काय?”

“भूक लागली असंल बिचारीला,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर त्या वड्याबद्दल पानंच्या पानं लिहून आली, आणि एकालाही ते कळलेलं नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, निनादला तर नाहीच. आज पहिल्यांदा लिहितेय, आणि हे पुस्तक माझं आहे, कव्हरवर नाव माझं आहे.

पण त्या रविवारी निनाद बशी हातात धरून विचारत होता, “सुमन, सांग ना, ती का चिडली?” आणि मला इतकं हसू फुटलं होतं की चुरमुरे नाकात गेले, आप्पा पाठीवर थापा मारत होते आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत येत होती.